डिस्चार्जचा कागद कुणासाठी?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरी पुण्यात, घर आळेफाट्याला. आज माझ्या मुलीबद्दल बोलणार आहे.

ती साडेतीन वर्षांची असताना अंगणवाडीत आरोग्य पथक आलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासतात, शाळेतली एकदा. डॉक्टरांना तिच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला. त्याआधी बायको दोनदा म्हणाली होती, पोरगी खेळताना लवकर दमते. मी म्हणालो होतो, आपल्या घरात सगळे बारीकच!

इको केल्यावर कळलं, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे. जन्मजात हृदयदोष हजार बाळांमागे साधारण आठ जणांना असतो. त्यात ना कुणाची नजर असते, ना आईची चूक. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी घरी निघालो. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. प्रत्येक गतिरोधकाला माझा जीव वर-खाली होत होता.

दारात अख्खा मोहल्ला उभा. फुफी तिला उचलायला धावल्या. मी आडवा झालो, "कुणी हात लावायचा नाही." फुफी रुसून गेल्या. मला वाटलं, मी नियम पाळले.

भिंतीवर मी एक तक्ता चिकटवला होता. ताप, औषधं, जखम, सगळे रकाने इंग्रजीत. अम्मींनी विचारलं, "बेटा, हे कुणासाठी लिहिलंस?" दिवसभर मुलीजवळ त्याच असणार होत्या. त्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकल्या आहेत.

त्या रात्री आम्ही दोघांनी नवा कागद लिहिला. काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात पाठीखाली, दुसरा ढुंगणाखाली. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. जखमेवर हळद, तेल, पावडर काही नाही. सर्दी-खोकला असलेल्यांनी जवळ यायचं नाही. दात रोज घासायचे, कारण तोंडातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात. ताप, जखमेला लाली किंवा पाणी, जेवणं बंद होणं: लगेच डॉक्टरांना फोन. धाप लागली किंवा ओठ निळे पडले, तर १०८.

सहाव्या संध्याकाळी मी ऑफिसच्या कॉलवर होतो. अम्मींनी कपडे बदलताना पाहिलं, जखमेचं खालचं टोक लाल आणि ओलसर आहे. त्यांनीच फोन लावला. दुसऱ्या दिवशी दाखवलं, औषध बदललं, आठवड्यात जखम सुकली. त्या सकाळी मी तक्त्यात 'नॉर्मल' लिहिलं होतं, दारातूनच बघून.

तुमच्यापैकी बरेच जण घरातले पहिले इंग्रजी वाचणारे आहात. दवाखान्याचा कागद तुमच्याच हातात येतो. तो खिशात ठेवू नका. मुलाजवळ जो बसणार आहे, त्याच्यासोबत बसून त्याच्या भाषेत लिहा. आणि अंगणवाडीत पथक येईल त्या दिवशी मोहल्ल्यातलं एकही मूल घरी राहणार नाही, एवढं बघा.

दोन महिन्यांनी मी फुफींकडे गेलो, माफी मागितली. त्या आल्या. हात धुतले, भिंतीवरचा कागद वाचला आणि मग तिला उचललं. एक हात पाठीखाली, दुसरा खाली.