पंक्चरपासून सार्नियापर्यंत
(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



‘पॉलिमरवर बोला, पण समीकरणं नकोत,’ अशी तंबी कार्यकारिणीनं मला आधीच दिली आहे. म्हणून सुरुवात पंक्चरपासून करतो.

लहानपणी सायकल घेऊन पंक्चरवाल्याकडे गेलो की तो ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायचा. बुडबुडे आले की जागा सापडली! मग घासायचं, सोल्युशन लावायचं आणि ठिगळ बसवायचं. पुढे जन्मभर मी रबराच्याच धंद्यात राहिलो, पण पहिला धडा त्या घमेल्यातला.

आता कॅनडाकडे वळू. 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडलं आणि मलायाचं नैसर्गिक रबर दोस्त राष्ट्रांच्या हातून गेलं. टायरशिवाय लष्कर हलणार कसं? त्याच वर्षी कॅनडा सरकारनं ‘पॉलिमर कॉर्पोरेशन’ ही सरकारी कंपनी काढली. ओंटारिओत सेंट क्लेअर नदीकाठी, सार्निया इथं कारखाना उभा राहिला आणि 1943 च्या सप्टेंबरात तिथं कृत्रिम रबर तयार होऊ लागलं. देशाला त्याचं इतकं कौतुक, की 1971 च्या मालिकेतल्या दहा डॉलरच्या जांभळ्या नोटेच्या मागे या कारखान्याचं चित्र होतं. इथं जुन्या काळी आलेल्या मंडळींनी ती नोट खिशात बाळगली असेल, पण चित्राकडे किती जणांनी पाहिलं?

तिथल्या रबरांपैकी माझं लाडकं म्हणजे ब्युटाइल. 1937 साली अमेरिकेत त्याचा शोध लागला. आयसोब्युटिलीन नावाचा वायू आणि त्यात चवीपुरतं आयसोप्रीन. ते जोडायचं कुठं, तर उणे शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास! आपण उणे तिसाला कुरकुर करतो! गारवा कमी पडला तर साखळ्या आखूड राहतात आणि रबराला ताकद येत नाही. क्रिया मात्र डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होते आणि उष्णता बाहेर पडते; ती सतत काढून घ्यावी लागते. सगळी कसरत तीच.

एवढा खटाटोप कशासाठी? या साखळीवर मिथाइल गटांची इतकी दाटी असते की हवेच्या रेणूंना वाट मिळत नाही. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर उलट्या दिशेनं चालून पाहा, म्हणजे कळेल. म्हणून ट्यूब ब्युटाइलची. त्यात थोडं ब्रोमीन किंवा क्लोरीन घातलं की ते दुसऱ्या रबराशी नीट जुळतं. ट्यूबलेस टायरचं आतलं अस्तर त्याचंच. लसीच्या बाटलीच्या बुचातही बहुधा हेच असतं.

कारखान्याच्या पाट्या बदलत गेल्या: आधी पॉलिसार, 1990 मध्ये बायर, पुढे लॅन्क्सेस, 2016 पासून आर्लांक्सिओ. ब्युटाइल टिकलं.

इथपर्यंत टाळ्यांचं झालं. आता जरा अवघड.

सार्नियाच्या या पट्ट्याला ‘केमिकल व्हॅली’ म्हणतात आणि त्याला अगदी खेटून आमजिवनांग फर्स्ट नेशनची वस्ती आहे. एप्रिल 2024 मध्ये शेजारच्या एका स्टायरिन कारखान्यामुळे हवेतलं बेन्झिन इतकं वाढलं की लोकांना त्रास झाला आणि त्यांनी आणीबाणी जाहीर केली. स्टायरिन म्हणजे आमच्याच धंद्याचा कच्चा माल. माझी नात मला म्हणाली, “आजोबा, तुमचं रबर हवा आत अडवतं ना? मग कारखान्यातली हवा का नाही अडवली?”

मंडळी, मला उत्तर देता आलं नाही. आम्ही ट्यूबमधून किती हवा जाते ते दशांशापर्यंत मोजत होतो. कुंपणापलीकडे काय जातं, हे विचारणं ‘आपलं काम नाही’ असं समजत होतो. मीही तसंच समजत होतो.

आपल्या मंडळातली बरीच मुलं आज केमिकल इंजिनीअरिंग शिकताहेत. त्यांना रबर सोडा असं मी सांगणार नाही. लसीला बूच लागणारच. एवढंच सांगतो की नवा पदार्थ करताना गळती कुठं होईल, हे पहिल्याच दिवशी विचारा, आणि पलीकडे राहणाऱ्यांनाही विचारा. पंक्चरवाला आधी ट्यूब पाण्यात बुडवायचा, ठिगळ नंतर.

दिवाळीच्या सर्वांना शुभेच्छा!