नियम यंत्राला, की माणसाला?



वाशीच्या शिवारात सोयाबीनची रास सुरू झाली, की मळणी यंत्रं घरघरू लागतात.
आज बोलायचंय यंत्रमानवाविषयी.
पण मळणी यंत्र मध्ये येणारच आहे.

(विराम)

१९४२ साली आयझॅक असिमोव्ह यांनी एका कथेत यंत्रमानवासाठी तीन नियम मांडले.
पहिला नियम, माणसाला इजा करायची नाही.
ऐकायला छान!

पण १९७९ साली अमेरिकेत, फोर्डच्या कारखान्यात,
यंत्राच्या हाताचा तडाखा बसून एक कामगार दगावला.
समोर माणूस आहे, हेच त्या यंत्राला कळत नव्हतं.
मग नियम पाळणार कोण?

नियम यंत्राला सांगून भागत नाही.
तो बनवणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला सांगावा लागतो.

(विराम)

मळणी यंत्रात मजुरांचे हात जायचे.
१९८३ साली देशात धोकादायक यंत्रांसाठी कायदा झाला.
त्यानुसार मळणी यंत्राचं पीक आत सारायचं तोंड लांब हवं, वरून झाकलेलं हवं.
म्हणजे बोटं आतल्या दात्यांपर्यंत पोचतच नाहीत.
नुसता पत्रा आहे तो.
पण कथेतल्या नियमापेक्षा माझा भरवसा त्या पत्र्यावरच जास्त.
काही जण काम लवकर उरकायला तोच काढून ठेवतात, त्यांना काय म्हणावं?

(विराम)

आता फवारणीचा ड्रोन आलाय.
तोही उडता यंत्रमानवच.
त्याच्यासाठी २०२१ चे नियम आहेत.
इथंही नियम यंत्राला नाही, माणसाला.
चालवणाऱ्याकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं.
फवारणी ठरवताना ते मागून बघा.
आणि ड्रोन वर असेपर्यंत लेकरांना वावरात येऊ देऊ नका.