दोन तोतये, एक राणी



तोतया म्हटला की आपल्याला पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवतो. त्याचं सोंग पुण्यात उघडं पडलं. आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे, तो मात्र थेट मॉस्कोच्या गादीवर बसला आणि त्याच्याशी लग्न करून एक पोलिश सरदारकन्या रशियाची राणी झाली. तिचं नाव मरीना म्नीशेक. महत्त्वाकांक्षी बाई, एवढीच तिची ओळख उरली आहे. पण ही महत्त्वाकांक्षा होती कोणाची?

झार चौथ्या इव्हानचा धाकटा मुलगा दिमित्री १५९१ मध्ये उगलिच इथे आठ वर्षांचा असताना वारला. १६०३ मध्ये पोलंड-लिथुआनियात एक तरुण ‘मीच तो दिमित्री’ म्हणत पुढे आला. मॉस्कोचा झार बोरिस गोदुनोव म्हणाला, हा तर मठातून पळालेला ग्रिगोरी ओत्रेप्येव! मरीनाचे वडील येझी म्नीशेक मोठे सरदार, पण कर्जात बुडालेले. शहानिशा करण्यात त्यांना रस नव्हता. मे १६०४ मध्ये साम्बोरला त्या तरुणाशी मरीनाच्या लग्नाचा करार झाला. गादी मिळाली की जावयाने सासऱ्याला दहा लाख झ्लोटी द्यायचे आणि मरीनाच्या नावे नोवगोरोद व प्स्कोव्ह हे प्रांत करून द्यायचे. लग्नाच्या याद्या कराव्यात तर अशा! मुलगी विशीचीही नव्हती. पहिला डाव बापाचा होता, हे लक्षात ठेवा.

एप्रिल १६०५ मध्ये गोदुनोव वारला आणि दिमित्री वाजतगाजत मॉस्कोत आला. मेलेल्या मुलाच्या आईनेही त्याला आपला म्हटलं. नोव्हेंबरात क्राकूला लग्न लागलं, तेही नवरदेवाविना. त्याच्या जागी वकील व्लास्येव उभा होता. झाराने दुसऱ्या कोणाला वचन दिलंय का, असं धर्मगुरूंनी विचारलं. वकील म्हणाला, मला काय ठाऊक, त्यांनी तसं काही सांगितलं नाही!

जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे ८ मे १६०६ रोजी मॉस्कोत मरीनाला राज्याभिषेक झाला. रशियात मुकुट चढलेली ती पहिली स्त्री. दुसरीसाठी १७२४ साल उजाडावं लागलं. ती कॅथलिकच राहिली, आणि शुक्रवार व संत निकोलसचा सण तोंडावर असताना, लग्नाला वर्ज्य अशा दिवशी, मॉस्कोत पुन्हा लग्न लावलं. मॉस्को आधीच धुमसत होतं. नवव्या दिवशी उठाव झाला, दिमित्री मारला गेला आणि मरीना कैदेत पडली.

१६०८ मध्ये सुटका झाली, माहेरचा रस्ता मोकळा झाला. पण ती पोहोचली मॉस्कोजवळच्या तुशिनोच्या छावणीत. तिथे दुसराच तोतया दिमित्री म्हणून मिरवत होता. चारचौघांत तिने त्याला नवरा मानलं. याही वेळी वडिलांनी आकडा ठरवला होता, तीन लाख रुबल. मात्र वडील पुढच्या वर्षी घरी परतले आणि मरीना राहिली. तिची स्वतःची महत्त्वाकांक्षा इथे सुरू होते. छावणी मोडू लागल्यावर पुरुषवेषात घोडा फेकत ती या तोतयामागे कालुगाला गेली. माझ्या हक्काचा मुकुट कोणी हिरावू शकत नाही, हा तिचा हेका कायम होता.

या सगळ्या बनावटीत खरी गोष्ट एकच होती, तिचा अभिषेक. दुसऱ्या तोतयाला नवरा म्हटल्याबरोबर तिने तोही खोटा करून टाकला.

डिसेंबर १६१० मध्ये हा नवराही मारला गेला. पुढच्याच महिन्यात मुलगा झाला, इव्हान. १६१३ मध्ये मिखाईल रोमानोव्ह झार झाला. त्याचे वडील फिलारेत तुशिनोत त्याच तोतयाचे धर्माध्यक्ष म्हणून वावरले होते! त्यांना पुढे मॉस्कोत मानाचं आसन मिळालं. मरीना, तिचा मुलगा आणि त्यांचा पाठीराखा कोसॅक सरदार झारुत्स्की १६१४ मध्ये याइक नदीकाठी पकडले गेले. मरीना कैदेतच मेली.

तिच्या हट्टाचं कौतुक ज्याला करायचं असेल त्याने जरूर करावं. पण हिशेब पुरा मांडावा. करार बापाने केला, मुकुट मुलीने घातला आणि मॉस्कोत फासावर चढवलं ते तीन वर्षांच्या इव्हानला.