दोरा बांधलेले प्रथिन

सिन्नरच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या विड्या वळल्या. पान तेच, तंबाखू तीच. पण दोरा बांधला आहे की नाही, हे विड्या तपासून घेणाऱ्याच्या नजरेला ताबडतोब कळते. आज सांगावयाची आहे ती अशाच एका नजरेची गोष्ट.

आपल्या मज्जापेशींत टाऊ नावाचे प्रथिन असते. पेशीच्या लांब तंतूतून माल वाहण्यासाठी ज्या सूक्ष्म नळ्या असतात, त्यांना ते आधार देते. 1975 साली ते सापडले. त्याच्यावर ठराविक जागी फॉस्फेट चिकटतो. हा झाला आपला दोरा. बेताने चिकटला तर काम सुरळीत चालते. प्रमाणाबाहेर चिकटला, की टाऊ नळ्यांपासून सुटते आणि त्याचा गुंता होतो. डॉ. अल्झायमर यांनी 1906 साली एका विस्मरणग्रस्त बाईच्या मेंदूत जे गुंते वर्णिले, ते हेच.

मग हा दोरा ओळखायचा कसा? शास्त्रज्ञ टाऊचा फॉस्फेट लागलेला तुकडा प्राण्याला टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. त्यांतली जी फॉस्फेट असेल तरच तुकडा धरतात, तेवढीच निवडून घेतात.

काम मोठे नाजूक, बरं का! नमुना लगेच बर्फात ठेवावा लागतो. नाही तर पेशीतली विकरे फॉस्फेट भराभर सोडवून टाकतात. प्रतिपिंड भलतीकडे चिकटू नये म्हणून दुधाची भुकटी वापरण्याचा प्रघात आहे. पण दुधातल्या केसिनवर स्वतःचाच फॉस्फेट असतो, म्हणून येथे पुष्कळदा अल्ब्युमिन घेतात. शिवाय फॉस्फेट मुद्दाम काढलेला नमुना शेजारी ठेवतात. तेथेही खूण उमटली, तर त्या प्रतिपिंडावर विश्वास ठेवू नये.

ह्या खटाटोपाचे फळ काय? टाऊच्या 217 व्या जागेवरचा फॉस्फेट आता रक्तात ओळखता येतो. अमेरिकेने मे 2025 मध्ये अशा एका रक्ततपासणीला मान्यता दिली. तीही 55 वर्षे व त्यापुढील वयाच्या, लक्षणे दिसणाऱ्या माणसांसाठीच.

तेव्हा घरातली आजी तेच तेच विचारू लागली, तर ‘म्हातारचळ लागला’ म्हणून सोडून देऊ नका. ब जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, मनाची उदासी ह्यांनीही विसर पडतो, आणि त्यांवर उपाय आहेत. आधी डॉक्टरांना दाखवा. कोणती तपासणी करायची, ते त्यांना ठरवू द्या.