आईचा काढा आणि राणीबागेतला अशोक

लोकलच्या दारात उभे राहून ऐकत असाल, तर आधी आत सरका आणि मग ऐका. आज आपण राणीबागेत जाणार आहोत. हो, भायखळ्याच्याच. पण पेंग्विन बघायला नाही.

झालं असं, की आईला व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलं, ‘बायकांच्या तक्रारींवर अशोकाच्या सालीचा काढा घ्या.’ आमच्या सोसायटीच्या भिंतीलगत अशोकाची रांगच आहे. उंच, सरळसोट झाडं, खाली लोंबणारी पानं. आईने सुरीने साल काढली आणि तीन दिवस काढा प्यायली. मला कळलं ते पातेल्याच्या वासाने!

मी घाबरून बॉटनी शिकलेल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, “आधी काढा बंद कर. आणि रविवारी काकूंना घेऊन राणीबागेत ये.”

मार्च महिना, सकाळची वेळ. भायखळा स्टेशनवरून आम्ही चालतच गेलो. बागेचं पूर्ण नाव वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय. नावात झाडं आधी आहेत, प्राणी नंतर. जागा साधारण ५३ एकर, आणि बाग १८६० च्या दशकातली. गर्दी मात्र सरळ पिंजऱ्यांकडे पळते.

आधी दिसली गोरखचिंच. खोड असं, की तिघांनी हात धरले तरी कवेत मावणार नाही. हे झाड मूळचं आफ्रिकेतलं. खोडात पाणी साठवतं, फुलं रात्री उमलतात आणि परागीभवनाला वटवाघळं येतात. नाव मात्र आपल्या गोरखनाथांचं!

पुढे कैलासपती. फुलं फांदीच्या टोकाला नाहीत, थेट खोडावर. आईने हात जोडले, कारण फुलात पिंडी आणि वर नागाचा फणा दिसतो. मैत्रीण हसून म्हणाली, “काकू, हा दक्षिण अमेरिकेतून आलाय.” आई म्हणाली, “आला असेल. आता आपलाच.” पटलं मला.

मग एका बुटक्या, डेरेदार झाडापाशी थांबलो. केशरी-लाल फुलांचे गुच्छ फांद्यांना चिकटलेले, कोवळी पालवी तांबूस आणि मलूल लोंबणारी. “हा अशोक,” मैत्रीण म्हणाली. “सीतेचा अशोक. आयुर्वेदातला तो हा.”

आई गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, “मग आपल्या बिल्डिंगमधला कोण?”

तो आसुपालव. सीताफळाच्या कुळातला. खरा अशोक चिंचेच्या कुळातला, म्हणजे दोघांचं नातंही नाही. ओळखायला सोपं आहे: आसुपालवाचं पान एकेकटं, लांबट, नागमोडी कडांचं. सीता अशोकाच्या एका देठावर पानांच्या जोड्या असतात. आसुपालवाची फुलं हिरवट, चटकन दिसतही नाहीत.

परदेशातून आलेल्या झाडाला आपण हात जोडले, आणि जे झाड इथलंच, ते आम्हाला ओळखता आलं नाही. आणि ही चूक फक्त आमच्या घरातली नाही. औषधाच्या बाजारातही अशोकाच्या सालीत आसुपालवाची भेसळ होते. दुसरीकडे सालीसाठी खरा अशोक इतका ओरबाडला गेलाय, की जंगलात त्याची संख्या घटली आहे. झाडाने पानांत तयार केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. खोडाभोवती सगळीकडून साल सोलली, की मुळं उपाशी राहतात आणि झाड मरतं.

मी गमतीने विचारलं, “मग आता याची साल न्यायची का?” दोघींनीही माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बस्स!

सोमवारी आई डॉक्टरकडे गेली. तीन वर्षं टाळत होती, हे मला त्या दिवशी कळलं. काढा हा तिचा टाळण्याचाच मार्ग होता. औषध सुरू आहे, आता बरी आहे. आणि फॅमिली ग्रुपवर तिने दोन्ही पानांचे फोटो टाकले. खाली लिहिलं, ‘ओळखा पाहू.’ एकालाही जमलं नाही.

तर मंडळी, आज घरी जाताना सोसायटीच्या गेटपाशी थांबा आणि एक पान नीट बघा. राणीबागेत जायचं ठरलं तर बुधवार सोडून जा, त्या दिवशी बंद असते. आणि आईला सोबत न्या. चालता चालता ती काय काय सांगेल, ते घरी कधी सांगणार नाही.

भेटू पुढच्या भागात!