व्यायाम आणि घाम

शीळफाटा हा ठाणें जिल्ह्यांतील सदैव गजबजलेला रस्त्यांचा संगम. कल्याण-डोंबिवलीकडून येणारा रस्ता येथें मुंब्र्याहून पनवेलकडे जाणाऱ्या मार्गास मिळतो, आणि महाप्याकडे जाणारा रस्ता पारसिकच्या डोंगराची चढण धरतो. मे-जून महिन्यांत एखादा तरुण या चढणीवर धावूं लागला, तर थोड्याच वेळांत त्याचा सदरा ओलाचिंब होतो. पाहणारा म्हणतो, व्यायाम चांगला झाला! शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्याला मात्र त्या ओल्या सदऱ्यांत निराळाच अर्थ दिसला पाहिजे.

स्नायु हे शरीराचें यंत्र. परंतु या यंत्रांत खर्च होणाऱ्या शक्तीपैकीं फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामीं येतो. बाकीच्या शक्तीची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकिली नाहीं, तर ३७ अंशांच्या आसपास राहणारें शरीराचें तपमान भराभर वाढेल. म्हणून रक्त ती उष्णता स्नायूंकडून उचलून त्वचेकडे नेतें. विश्रांतीच्या वेळीं हृदय दर मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त ढकलतें. जोराच्या श्रमांत तेंच प्रमाण २० लिटरांवर जातें. या रक्तावर दोन धन्यांचा हक्क असतो. स्नायूंना प्राणवायु हवा असतो आणि त्वचेला उष्णता बाहेर टाकण्यासाठीं रक्त हवें असतें. घामावाटे पाणी गेलें कीं रक्तांतील द्रवभाग घटतो, आणि दोघांचें समाधान करतांना हृदयाची धांदल उडते.

त्वचेखालीं घामाच्या लक्षावधि ग्रंथि आहेत. एक लिटर घाम पूर्णपणें वाळला, तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. मात्र ही सारी करामत घाम वाळण्यांत आहे. जो घाम हनुवटीवरून टपकून जमिनीवर पडतो, तो शरीराचें पाणी व मीठ घेऊन जातो, पण शरीराला थंड करीत नाहीं. विदर्भांतील कोरड्या उन्हाळ्यांत घाम दिसण्यापूर्वींच वाळतो. तेथें पाणी नकळत घटतें. ठाण्याच्या खाडीकांठच्या दमट हवेंत घाम अंगावर तसाच राहतो आणि आंतली उष्णता आंतच कोंडते. यासाठीं केवळ उष्णतामापक यंत्राचा आंकडा पाहून मैदानावरील धोका ओळखतां येत नाहीं. हवेंतील दमटपणा, ऊन आणि वारा यांचाहि विचार करावा लागतो.

या अज्ञानाची किंमत किती असते, हें २०१४ च्या जून महिन्यांत दिसून आलें. मुंबईंतील पोलीसभरतीच्या वेळीं ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर कांहीं तरुण उमेदवार मृत्युमुखीं पडले. ऊन आणि अतिश्रम यांची चर्चा त्या वेळीं घरोघर झाली. पुढें धावण्याचें अंतर कमी करण्यांत आलें; आज पुरुष उमेदवारांसाठीं तें १६०० मीटर आहे. पण अंतर कमी झालें तरी शरीराचे नियम बदलत नाहींत. ज्या मुलाच्या डोळ्यांपुढें नोकरी असते, तो थांबत नाहीं. म्हणून त्याला थांबविणारा माणूस जाणता असावा लागतो.

धावणारा अडखळूं लागला, असंबद्ध बोलूं लागला, चिडला किंवा कोसळला, तर उष्माघाताची शंका प्रथम घ्यावी. त्वचा कोरडी पडल्यावरच उष्माघात होतो, ही समजूत खोटी आहे; श्रमानें होणाऱ्या उष्माघातांत अंग घामानें भिजलेलें असूं शकतें. शरीराच्या आंतील तपमान ४० अंशांवर गेलें कीं मेंदूचें कार्य बिघडूं लागतें. अशा वेळीं वाहनाची वाट पाहत बसूं नये. मदतीस निरोप धाडावा आणि त्याच क्षणीं रोग्यास सावलींत नेऊन जादा कपडे काढावे, गार पाण्याच्या टाकींत गळ्यापर्यंत बसवून आधार द्यावा. तें शक्य नसेल तर सर्वांगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध नसल्यास तोंडांत पाणी घालूं नये. पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा.

परंतु उपचारापेक्षां तयारी श्रेष्ठ. रोज थोडथोडा व्यायाम वाढवीत गेल्यास दहा ते चौदा दिवसांत शरीर उष्णतेला सरावतें. रक्तांतील द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटतो, आणि त्यांतून मीठ कमी जातें. चार दिवसांत हें घडवूं पाहणारा शिक्षक विद्यार्थ्याचा वैरीच ठरतो. तहानेस पाणी द्यावें; पण बळेंच घागरभर पाजणेंहि घातक, कारण त्यामुळें रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरतें.

१९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून स्वामी कुवलयानंदांनीं योगक्रियांना प्रयोगशाळेची कसोटी लाविली. व्यायाम करवून घेणाऱ्यानें शरीर मोजून, तपासून समजून घ्यावें, हा त्यांतील धडा मैदानावरहि तितकाच खरा. हाडांचीं व स्नायूंचीं नांवें पाठ करून परीक्षा उतरतां येईल. पण शिट्टी केव्हां वाजवावी आणि धावणाऱ्यास केव्हां थांबवावें, हें ज्याला कळलें, त्यालाच शरीरशास्त्र कळलें असें म्हणावें.