मोकळी जागा



गेल्या पावसाळ्यात एका रात्री माझ्या धाकट्या मुलाने कॉम्प्युटरवरची नजर न काढता मला विचारलं, "अब्बा, एक सांगा. शेजारचं राज्य जिंकू, की समुद्रापलीकडे वसाहत करू?" वीज दोनदा जाऊन आली होती आणि मी एका कवितेच्या तिसऱ्या ओळीशी अडून बसलो होतो. पण त्याच्या आवाजात निकड अशी, जणू दिवाणजी उंबरठ्यावर हुकमाची वाट पाहत उभे आहेत.

खेळाचं नाव 'युरोपा युनिव्हर्सालिस'. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा. त्याची ही चौथी आवृत्ती, २०१३ साली आलेली. खेळ १४४४ सालच्या नोव्हेंबरात सुरू होतो आणि १८२१ पर्यंत चालतो. जगातलं कोणतंही राज्य निवडा आणि पावणेचारशे वर्षं चालवून दाखवा. पोराने बहामनी राज्य घेतलं होतं. राजधानी बीदर, कोकणातली बंदरं हाताशी. नकाशात गोंडवनही आहे, वेगळ्या रंगात. ते पाहून मला बरं वाटलं. आमच्या शाळेच्या पुस्तकात गोंडांना एवढीही जागा नव्हती.

मी खुर्ची ओढून बसलो. त्याने मला दोन्ही वाटा समजावल्या. जिंकायचं तर फौज लागते, कर्ज होतं. जिंकलेला मुलूख लगेच आपला होत नाही. तिथली माणसं बंड करतात, त्यांचा धर्म आणि बोली वेगळी असते, शिवाय आजूबाजूची राज्यं आपल्याला घाबरून एकत्र येतात. वसाहतीचं तसं नाही. एक माणूस पाठवायचा, दर महिन्याला खर्च सोसायचा आणि थांबायचं. वस्ती हजारावर गेली की गाव आपलं. "वसाहत सोपी आहे अब्बा. जागा मोकळीच असते."

त्याने एका मोकळ्या जागेवर बाण नेला. चौकट उघडली. तिच्यात मूळ रहिवाशांचा आकडा होता, काही हजारांचा. खाली त्यांचा तापटपणा किती, तेही मोजून दिलं होतं.

"मोकळी आहे म्हणालास ना?"

"म्हणजे राज्य नाही कोणाचं. लोक आहेत."

त्या लोकांचं काय करायचं, त्याचेही पर्याय खेळात आहेत. त्यांच्याशी जुळवून घ्या, व्यापार करा, नाहीतर दडपा. फौज पाठवून तो आकडा शून्यावरही आणता येतो. मग वस्तीवर हल्ले होत नाहीत. पण लोक राहू दिले, तर पुढे ते गावात मिसळतात आणि गावचा माल वाढतो. हा हिशेब त्याने गणिताचं उदाहरण सोडवावं तशा सुरात मला सांगितला. मी काही बोललो नाही. बी.ए.ला इतिहास मीही याच सुरात पाठ केला होता.

श्रोतेहो, या दोन्ही वाटा आपल्या नागपूर प्रांताने पाहिल्या आहेत. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला आणि हे नाव घेऊन परतला. बख्त बुलंद म्हणजे थोर नशिबाचा. पुढे त्याने बादशाहाच्याच मुलखात लूट केली, तेव्हा औरंगजेबाने त्याचं नाव उलटं करून त्याला करंटा ठरवलं, असं सांगतात. पण नाव राहिलं ते बुलंदच. १७०२ च्या सुमारास त्याने राजापूर बारसा या बारा वाड्यांच्या जागी नागपूर वसवलं. शेती करणारे, कारागीर, व्यापारी, हिंदू आणि मुसलमान, जो येईल त्याला जागा दिली. लढाया त्यानेही केल्या, पण माणूस बोलावून मुलूख वाढतो, हे त्याला कळलं होतं.

मग रघूजी भोसले. देवगडचा राजा चांद सुलतान १७३९ मध्ये वारला आणि गादीवर भलताच बसला. विधवा राणीने वऱ्हाडातून रघूजींना मदतीला बोलावलं. ते आले, राणीच्या मुलांना गादी मिळवून दिली आणि मोबदला घेऊन परत गेले. काही वर्षांत ते दोघे भाऊ आपसांत भांडले आणि पुन्हा बोलावणं गेलं. या वेळी रघूजी राहिले. गोंड राजाला नागपुरात मानाने ठेवलं, राजा हे नाव त्याच्याकडे आणि कारभार यांच्याकडे. माझा पोरगा ऐकून म्हणाला, "भारी चाल आहे."

याच रघूजींच्या फौजा १७४२ पासून बंगालवर गेल्या. १७५१ च्या तहात अलीवर्दी खानाने बारा लाख चौथाई कबूल केली आणि ओडिशा सोडला. आपण हे छाती फुगवून सांगतो. बंगालमध्ये मात्र अजूनही आया मुलांना झोपवताना बारगीर आले म्हणून गातात. १८०३ मध्ये देवगावच्या तहाने ओडिशा गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, वारस नव्हता. पुढच्याच वर्षी डलहौसीने उरलेलं राज्य खालसा केलं, तेही एकही तोफ न डागता.

मला या इतिहासाचं वेड का, तेही सांगतो. मी चाळीस वर्षं मराठीत लिहितो. कविसंमेलनात कोणीतरी प्रेमाने जवळ येतं आणि म्हणतं, तुमचं मराठी किती छान आहे, मूळचे कुठले? मी म्हणतो, पिपरी मेघे, वर्ध्याला लागून आहे. ते हसतात. "नाही हो, मूळचे?" त्यांना उत्तर दोनच हवी असतात, घोड्यावरून आलात की जहाजातून. आमचे आजोबा पिंजारी. खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव गाद्या पिंजत फिरायचे. घोडा त्यांनी लग्नातसुद्धा पाहिला नसेल.

दादी मात्र सांगायची, राजाने बोलावलं म्हणून आपण आलो. कोणता राजा, तिला ठाऊक नव्हतं. मी तरुणपणी बख्त बुलंदाची हकीकत वाचली आणि ठरवून टाकलं, हाच तो. कागद एकही नाही. पुढे मित्रांच्या घरी हीच कथा ऐकायला मिळाली. कोणाच्या पूर्वजाला भोसल्यांनी बोलावलं होतं, कोणाच्या पूर्वजाला मालगुजाराने. आम्ही आलो आणि जागा घेतली, असं कोणाचीच आजी सांगत नाही. तेव्हापासून दादीच्या राजाचा उल्लेख मी जरा हळू आवाजात करतो.

वर्धा शहराचंच पाहा. १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा काढून हा जिल्हा केला, तेव्हा कचेरी पुलगावजवळ कवठ्याला होती. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवं शहर वसवलं. पालकवाडी आज शोधून सापडायची नाही. तिथल्या माणसांना कोणी मूळचे कुठले, असं विचारलं असेल का?

आणि माझं घर. बावीस वर्षांपूर्वी पिपरीत एका लेआऊटमध्ये प्लॉट घेतला. शेत अकृषक झालं, मुरमाचे रस्ते पडले, कोपऱ्यावर पाटी लागली, अमुक कॉलनी. नकाशात प्लॉटचे नंबर होते, नऊ मीटरचा रस्ता होता, ओपन स्पेस होती. मीही पाहुण्यांना सांगायचो, अगदी मोकळी जागा मिळाली. एक म्हातारबुवा पोळ्याच्या दिवशी येऊन त्या ओपन स्पेसमध्ये उभे राहायचे. दोन-तीन वर्षं पाहिलं, मग विचारलं. ते म्हणाले, "मोकळी नव्हती जी. वावर होतं माह्यं. तुमी उभे हा ना, तिथं विहीर होती."

शेत त्यांनी मुलीच्या लग्नापायी विकलं होतं. रीतसर, भाव ठरवून. कोणी जिंकलं नव्हतं, कोणी हुसकलं नव्हतं. माझाही व्यवहार चोख, खरेदीखत कपाटात आहे. तरी पोराच्या खेळातली ती चौकट उघडली, तेव्हा मला आमच्या लेआऊटचा नकाशा आठवला. खेळात निदान आकडा तरी दाखवतात.

त्या रात्री मी त्याला एवढंच म्हणालो, वसाहत कर, पण ते दडपायचं बटन दाबू नकोस. त्याने ऐकलं. नंतर कुरकुरला की फार हळू चाललंय.

यंदाच्या पोळ्याला म्हातारबुवा आले, तेव्हा पाऊस लागला होता, म्हणून घरात बोलावलं. चहा झाला. पोराचा खेळ चालूच होता. ते चष्मा पुसून त्या रंगीत नकाशाजवळ गेले आणि म्हणाले, "इथं पाऊसपानी कसं आहे बापू?"

"पावसाळा आहे ना आजोबा. पावसाळ्यात सैन्याचे हाल होतात."

"अन् पीक?"

पोराने दोन-तीन चौकट्या उघडल्या, बंद केल्या. एका मुलखावर कापूस लिहिलेला त्याला सापडला. म्हातारबुवांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "जमीन काळी आहे का पाह्य बरं."